अल्प इंधनाची डिझेल मोटार आणि अमेरिकन ग्राहक : अहमदनगर जिल्ह्याच्या अनुषंगाने काही विचार

लहान डिझेल मोटारींकडे अमेरिकन ग्राहक निदान दोन वेळा ओढला गेला आणि दोन्ही वेळा त्याने त्यांच्याकडे पाठ फिरविली. ह्या घटनेचा उलगडा करताना समाजाच्या स्वभावाचा आधार घेण्याची सवय आपल्याकडील लेखनात चांगलीच रुजलेली आहे. अमेरिकन माणूस सढळ हाताचा, त्याला प्रशस्त गाडी हवी. आपला शेतकरी काटकसरी, तो थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो. म्हणून डिझेल मोटार तिकडे टिकली नाही आणि इकडे टिकली, असे ते स्पष्टीकरण होय. ह्या स्पष्टीकरणाची परीक्षा करावी, आणि ती अहमदनगर जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले. ज्या काळाविषयी येथे लिहावयाचे आहे त्या काळचे नाव लेखात ठेवले आहे.)

ह्या जिल्ह्याचा आणि अमेरिकेच्या मोटारबाजाराचा संबंध काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या वाहनांची कथा पुढे यावयाची आहे ती अमेरिकेतून महाराष्ट्रात आली, येथे डिझेलवर चालू लागली आणि पुढे त्याच घराण्यातील वाहने अमेरिकेला पाठविण्याचा प्रयत्न झाला. अशा वाहनांचा वापर जेथे दाटीने झाला त्या प्रदेशांत अहमदनगरची गणना करावी लागेल. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातून जामखेडला जावयाचे तर जवळजवळ एक दिवस मोडतो. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर ह्या मार्गावर धावली. तथापि मोठ्या गाडीच्या रस्त्यापासून वाडीवस्तीपर्यंतचे अंतर तोडण्याचा प्रश्न त्यानंतरही बराच काळ शिल्लक होता.

डिझेल एंजिन ह्या जिल्ह्यात रस्त्यावर दिसण्यापूर्वी विहिरीवर दिसले, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. जर्मन अभियंता रुडॉल्फ डीझेल ह्याने १८९२ मध्ये आपल्या कल्पनेचे पेटंट मिळविले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे समाधानकारक रीतीने चालणारे एंजिन सिद्ध केले. पेट्रोल एंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवावे लागते. डिझेल एंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले इंधन पेट घेते. ह्या अधिक दाबामुळे उष्णतेचा अधिक भाग कामी येतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा ते पंधरा टक्के अधिक ऊर्जा असते. ह्या दोन कारणांनी हे एंजिन कमी इंधनात अधिक काम देते. परंतु दाब सोसण्यासाठी ते जड करावे लागते आणि म्हणून महागही पडते. डिझेल मोटारीचा सारा इतिहास ह्या देवघेवीचा आहे.

महाराष्ट्रात सातारा रोड येथील कूपर कारखान्यात १९३० च्या दशकाच्या आरंभी डिझेल एंजिने तयार होऊ लागली. किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यास स्थापन झाली. अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या खोऱ्यात भंडारदऱ्याचे पाणी १९२० च्या दशकापासून कालव्याने खेळत होते आणि त्याच उसाच्या बळावर १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परंतु पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड ह्या अवर्षणग्रस्त भागांत शेतकऱ्याचा भरवसा विहिरीवर. वीज पोहोचेपर्यंत तेथे मोटेची जागा ऑईल एंजिनानेच घेतली. ‘मळ्यात एंजिन आहे’ ह्या एका वाक्यात घराची पत सांगितली जाई. मुद्दा असा की, नोझल, पंप, पिस्टन, रिंगा ह्या शब्दांची आणि त्यामागील कसबाची ओळख ग्रामीण भागास मोटारीमुळे झाली नाही. ती विहिरीमुळे झाली. तालुक्याच्या गावी डिझेल जीप दुरुस्त करणारा माणूस पुढे सहज मिळू लागला, त्याचे एक कारण हे पूर्वशिक्षण होय, असे अनुमान करण्यास हरकत नसावी. अमेरिकेच्या छोट्या शहरांतील पेट्रोलपंपावर काम करणाऱ्या यंत्रज्ञास असे पूर्वशिक्षण मिळाले नव्हते. त्याचा परिणाम पुढे दिसेल.

आता जीपकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कैलाशचंद्र महिंद्र हे भारत सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून वॉशिंग्टन येथे होते. विलीज कंपनीच्या जीपशी त्यांचा परिचय तेथे झाला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत तिची जुळणी सुरू झाली. ही जीप पेट्रोलवर चालणारी होती. अमेरिकेत तेल स्वस्त असताना आखलेल्या त्या एंजिनाची भूक येथील मालकास परवडेना. तेव्हा जुन्या जीपचे पेट्रोल एंजिन काढून त्या जागी डिझेल एंजिन बसविण्याचा उद्योग ठिकठिकाणच्या कारागिरांनी आरंभिला. पुढे कारखान्यानेही ट्रॅक्टरच्या डिझेल एंजिनाचा अवलंब केला. १९८० च्या दशकात प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या तंत्रज्ञानाने नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे डिझेल एंजिने तयार होऊ लागली आणि ती महिंद्र जीपमध्ये बसविली जाऊ लागली. संगमनेर, कोपरगाव, शिर्डी, शेवगाव ह्या मार्गांवरील काळ्या-पिवळ्या जीपगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मागच्या पायरीवर उभे राहून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना ह्या एंजिनाचा आवाज निराळा सांगावयास नको.

ह्या एंजिनाचे घराणे मात्र सांगावयास हवे. प्यूजोच्या ‘एक्स-डी’ ह्या मालिकेतील २,११२ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे एंजिन १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत प्यूजो ५०४ ह्या मोटारीत विकले जात होते. तेलटंचाईने धास्तावलेल्या अमेरिकन मध्यमवर्गीयाने जे यंत्र काटकसरीसाठी घेतले, त्याच मालिकेतील यंत्र दहा-पंधरा वर्षांनी शिर्डीचे यात्रेकरू वाहून नेत होते. स्वभावाच्या स्पष्टीकरणास येथेच पहिला तडा जातो. संशोधक विद्यार्थ्यांस येथे एक सूचना करावीशी वाटते. अहमदनगर व श्रीरामपूर ह्या दोन्ही परिवहन कार्यालयांच्या नोंदवह्यांत वाहनाच्या इंधनाचा प्रकार नोंदलेला असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे वाहनातील फेरबदलाचीही नोंद करावी लागते. एंजिनाची अदलाबदल हा ग्रामीण अर्थव्यवहाराचा एक उत्तम आलेख ठरेल. परंतु इतिहासकाराची दृष्टी त्याकडे क्वचितच वळते.

अमेरिकेतील घटनाक्रम थोडक्यात पाहू. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी तेलाची निर्यात रोखली आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांसमोर रांगा लागल्या. वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. १९७५ च्या सुमारास नव्या अमेरिकन मोटारींची सरासरी गॅलनला १३-१४ मैल, म्हणजे लिटरला सहा किलोमीटरही नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कायद्याने मोटार-कारखानदारांना १९८५ पर्यंत ही सरासरी २७.५ मैलांवर नेण्याचे बंधन घातले. अशा वेळी १९७७ मध्ये फोक्सवॅगनची रॅबिट डिझेल ही छोटी मोटार अमेरिकेत आली. तिचे एंजिन दीड लिटरचे आणि शक्ती अवघी ४८ अश्वबळ. परंतु ती गॅलनला ४० मैलांच्या पुढे जाई. १९७९ मध्ये इराणातील क्रांतीने तेलाचा भाव पुन्हा भडकला, तेव्हा ह्या मोटारीची मागणी विलक्षण वाढली. १९८१ मध्ये अमेरिकेत तयार होणाऱ्या व आयात होणाऱ्या नव्या मोटारींपैकी सुमारे सहा टक्के डिझेलवर चालणाऱ्या होत्या. त्या देशातील डिझेल मोटारीचा हा उच्चांक होय.

उतार चढणीपेक्षाही वेगाने झाला. जनरल मोटर्सने १९७८ पासून ओल्ड्समोबिल मोटारींत ५.७ लिटरचे आठ सिलिंडरांचे डिझेल एंजिन दिले होते. ती मोटार लहान नव्हती, पण तिच्या अपयशाचा डाग लहान मोटारींनाही लागला. सिलिंडरच्या टोपणाचे बोल्ट दाबाने निकामी होत. इंधनातील पाणी वेगळे करणारी गाळणी तिला नव्हती. आणि दुरुस्ती करणाऱ्यांस डिझेलची सवय नव्हती. मालकांनी कारखान्यावर खटले भरले, १९८५ मध्ये ते एंजिन बंद झाले. पुढच्याच वर्षी कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. दशक संपण्यापूर्वी नव्या मोटारींतील डिझेलचा वाटा एक टक्क्याच्या खाली गेला होता. अमेरिकन ग्राहकाचा स्वभाव ह्या दहा वर्षांत दोनदा बदलला असे म्हणावयाचे काय? त्यापेक्षा त्याचा हिशेब बदलला असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

तो हिशेब आपण एका काल्पनिक उदाहरणाने मांडून पाहू. बाजारभाव मात्र खरे घेऊ. २०१२ च्या मध्यास दिल्लीत पेट्रोलचा दर लिटरला सुमारे ७३ रुपये आणि डिझेलचा सुमारे ४१ रुपये होता. समजा, एकाच मोटारीचा पेट्रोल प्रकार लिटरला १४ किलोमीटर व डिझेल प्रकार १८ किलोमीटर चालतो आणि डिझेल प्रकारास एक लाख रुपये अधिक पडतात. दर किलोमीटरला पेट्रोलचा खर्च ५ रुपये २१ पैसे, डिझेलचा २ रुपये २८ पैसे. म्हणजे सुमारे ३४ हजार किलोमीटरांत लाख रुपये वसूल. आता दोन्ही इंधनांचा दर सारखाच ७३ रुपये आहे असे धरा. वसुलीस ८६ हजार किलोमीटर लागतील. आणि डिझेल पेट्रोलपेक्षा दहा टक्के महाग असेल तर १ लाख ३० हजारांहून अधिक किलोमीटर लागतील. एंजिन तेच, चालविणारा तोच. ह्या तीन हिशेबांपैकी पहिला अहमदनगरच्या मालकाचा होता आणि तिसरा, २००५ नंतरच्या बहुतेक वर्षांत, अमेरिकन मालकाचा होता. कारण तेथे डिझेलवरील संघीय कर गॅलनला २४.४ सेंट तर पेट्रोलवरील १८.४ सेंट आहे, आणि पंपावरील डिझेलचा भावही ह्या काळात सामान्यतः पेट्रोलपेक्षा वरचढ राहिला.

अहमदनगरच्या मालकाची काटकसर ही, त्याचे श्रेय हिरावून न घेता, दिल्लीतील अर्थखात्याने घडविलेली काटकसर होती असे म्हटले पाहिजे. एस.टी., मालमोटारी, ट्रॅक्टर आणि पंप ह्यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवले गेले. त्या स्वस्ताईचा लाभ मोटारीने घेतला. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा कारखान्याची इंडिका बाजारात आली. डिझेल एंजिन असलेल्या ह्या छोट्या देशी मोटारीसाठी काही दिवसांतच लाखावर ग्राहकांनी पैसे भरून नोंदणी केली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मुक्त झाले, डिझेलचे झाले नाहीत. दोहोंतील अंतर वाढले आणि दोन-तीन वर्षांत देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवर चालू लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही दर मुक्त झाले, आणि एप्रिल २०२० पासून भारत सहा ही प्रदूषण-मानके आल्यावर छोटे डिझेल एंजिन स्वच्छ करण्याचा खर्च न परवडून मारुतीसारख्या सर्वांत मोठ्या कारखान्याने ते सोडूनच दिले. अमेरिकन ग्राहकाने १९८६ मध्ये जे केले ते भारतीय ग्राहकाने सुमारे तीस वर्षांनी, तशाच कारणांनी केले.

जिल्ह्यातील काटकसरीचे दुसरे उत्तर डिझेलवर चालणारे नव्हते, पण त्याचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. १९७२ हे महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी अहमदनगरच्या कायनेटिक कारखान्याची ५० घनसेंटिमीटरची लूना बाजारात आली. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या चाओ ह्या मोपेडवर तिची रचना बेतलेली होती. फिरोदिया कुटुंबाच्या ह्या कारखान्याची मोपेड पुढे टी.एफ.आर. ह्या नावाने अमेरिकेतही विकली गेली. अहमदनगरात घडलेले अल्प इंधनाचे वाहन अमेरिकन ग्राहकाने खरोखर विकत घेतले ते हेच.

ग्राहकाच्या आकर्षणात भावाइतकाच महत्त्वाचा दुसरा एक घटक आहे : मोजमाप. आपल्याकडे गाडी विकत घेताना पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हा असतो. इंग्रजी शब्दाचा हा अर्थ इंग्रजांनाही ठाऊक नसावा. हे ॲव्हरेज मालक स्वतः काढतो : टाकी काठोकाठ भरावयाची, पुन्हा भरेपर्यंतचे किलोमीटर मोजावयाचे. घाट, खड्डे, कांद्याच्या गोण्या, बारा माणसे हे सारे त्यात आपोआप येते. अमेरिकन ग्राहकास १९७० च्या दशकापासून शासनमान्य आकडा मोटारीच्या काचेवर चिकटविलेला मिळतो. तो प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, ठराविक क्रमाने गाडी चालवून काढलेला असतो. अहमदनगर शहराजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे आणि मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमाप्रमाणे वाहनांना मान्यता देणाऱ्या संस्थांत तिचा समावेश होतो. म्हणजे एकाच शहरात दोन्ही प्रकारची मोजमापे नांदत आहेत, आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत हे प्रत्येक मालकास ठाऊक आहे. ऐतिहासिक साधन म्हणून ह्यांपैकी कोणताही आकडा तपासल्यावाचून घेता येत नाही.

मोजमापाचा हा प्रश्न महाराष्ट्रातील एका उद्योगास प्रत्यक्ष भोवला. नाशिक येथे २००२ पासून तयार होणाऱ्या स्कॉर्पिओ ह्या गाडीवर आधारलेली डिझेल पिकअप अमेरिकेत विकण्याचा करार महिंद्र कंपनीने २००६ मध्ये ग्लोबल व्हेइकल्स ह्या तेथील वितरक संस्थेशी केला. अमेरिकन बाजारात त्या वेळी छोटी डिझेल पिकअप कोणीच विकत नव्हते. गॅलनला ३० मैल ह्या अपेक्षेने ग्राहक व विक्रेते दोघेही उत्सुक झाले आणि शेकडो विक्रेत्यांनी पैसे गुंतविले. अडथळे मात्र एकामागून एक होते. आयात पिकअपवर २५ टक्के जकात होती. ही जकात १९६४ पासूनची. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर कर बसविला म्हणून त्याचे उट्टे काढण्यासाठी ती लावली गेली, कोंबड्यांचा तंटा विसरला गेला आणि जकात राहिली. दुसरा अडथळा धुराचा. अमेरिकेने २००४ ते २००९ ह्या काळात अमलात आणलेल्या मानकांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा पेट्रोल व डिझेल दोहोंस सारखीच होती. डिझेलला सवलत नव्हती. २.२ लिटरच्या एंजिनास ही मर्यादा पाळावयास लावून २०१० मध्ये मान्यता मिळाली खरी. परंतु अधिकृत आकडा शहरात १९ व महामार्गावर २१ मैल एवढाच आला, म्हणजे लिटरला सुमारे आठ ते नऊ किलोमीटर. त्याच वर्षी करार मोडला, लंडन येथील लवादाने २०१२ मध्ये महिंद्र कंपनीच्या बाजूने निर्णय दिला, विक्रेते न्यायालयात गेले, आणि एकही पिकअप अमेरिकन ग्राहकाच्या दारी उभी राहिली नाही. त्याच काळात तिची जातभाई वाहने संगमनेरचे दूध आणि पारनेरचा कांदा बिनबोभाट वाहत होती. त्यांच्यावर आकडा चिकटविलेला नव्हता.

फोक्सवॅगनचे प्रकरण ह्याच काळातले आणि सर्वश्रुत आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. कडक मानके आणि उत्तम ॲव्हरेज ह्यांचा मेळ ‘स्वच्छ डिझेल’ ह्या नावाने आपण घातला आहे असे त्या कंपनीने २००८ नंतर अमेरिकन ग्राहकास सांगितले, आणि सुशिक्षित, निसर्गप्रेमी अशा ग्राहकाने तिच्यावर विश्वास ठेवला. डिझेलकडे त्याचे हे दुसरे आकर्षण. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटार प्रयोगशाळेबाहेर काढून रस्त्यावर तपासली, आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन पर्यावरण संस्थेने सुमारे ४ लाख ८२ हजार मोटारींत चाचणी ओळखून धूर आवरणारी आज्ञावली दडविलेली असल्याचे जाहीर केले. रस्त्यावर काही प्रकारांत ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात होते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केलेल्या चाचण्यांनंतर त्याच वर्षी डिसेंबरात भारतातही सुमारे सव्वातीन लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या. टाकी भरून किलोमीटर मोजणाऱ्या मालकाच्या हाती धूर मोजण्याचे काही साधन नव्हते, हेही ह्या ठिकाणी नमूद केले पाहिजे. त्याच्या ॲव्हरेजमध्ये शेजाऱ्याच्या फुप्फुसाचा खर्च कधीच धरलेला नव्हता.

ह्या कथेतील शेवटचे वाहन पुन्हा जीपच आहे. मार्च २०१८ मध्ये महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ऑबर्न हिल्स येथे रॉक्सर ह्या वाहनाची जुळणी सुरू केली. सुटे भाग भारतातून जात, एंजिन अडीच लिटरचे डिझेल, शक्ती ६२ अश्वबळ. विलीजच्या जुन्या जीपचा वंश त्यात डोळ्यांना स्पष्ट दिसत होता. सुरक्षिततेची व धुराची महामार्गावरील मानके त्यास लागू होऊ नयेत म्हणून ते शेतात व रानवाटांवर वापरण्याचे वाहन म्हणूनच विकले गेले. अमेरिकन शेतकऱ्यांस ते आवडले. परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये जीप ह्या नाममुद्रेच्या तत्कालीन मालकाने, फियाट क्रायस्लरने, आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, आणि जून २०२० मध्ये आयोगाने त्या रूपातील रॉक्सरच्या आयातीस व विक्रीस मनाई केली. वाहनाचे रूप बदलावे लागले आणि खटले त्यानंतरही चालू राहिले. वाद एंजिनाविषयी नव्हता. चौकोनी खोका, बाहेर काढलेले मडगार्ड आणि समोरच्या जाळीच्या उभ्या फटी, म्हणजे १९४० च्या दशकात अमेरिकेतून मुंबईस आलेला तो जुना चेहरा कोणाचा, एवढाच त्या वादाचा विषय होता.